पक्कं सांगा

माझा दवाखान्यातला आवाज वेगळा आहे. घरी तो चालत नाही. घरी मी भाजीत मीठ पडलं की नाही हे दोनदा विचारते आणि नवरा हसतो. पण सकाळी दहाला टेबलामागे बसले की गळ्यातून दुसराच आवाज निघतो, थोडा जाड, थोडा चिडका. "टायफॉइड आहे." "काही नाही, पित्त आहे." "पाच दिवसांत बरी होते." बालाघाटात सत्तावीस वर्षं दवाखाना चालवते आहे. हा आवाज मला कॉलेजात कोणी शिकवला नाही, पेशंटांनी शिकवला.

अगदी सुरुवातीला एक म्हातारा पोट दुखतं म्हणून आला होता. मी नवी होते, पुस्तकातलं सगळं डोक्यात ताजं होतं. त्याला नीट समजावून सांगितलं की हे पित्ताचे खडे असू शकतात, अल्सर असू शकतो, कधीकधी हृदयाचं दुखणंही पोटात येतं, आपण एकेक तपासत जाऊ. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि मुलाला म्हणाला, "इले काही समजून नाही राह्यलं. चाल." दोघं उठून रस्त्यापलीकडे सुई टोचणाऱ्याकडे गेले. त्या माणसाकडे कसलीही डिग्री नव्हती, आवाज मात्र होता. म्हातारा बराही झाला. पुढे तोच बाजारात भेटला, तेव्हा त्याने मला न चुकता नमस्कार केला, नापास झालेल्या पोरीची समजूत काढावी तसा.

मग मीही शिकले. "पक्कं सांगा, मॅडम," असं कोणी म्हणायच्या आतच पक्कं सांगायला लागले. शंका असली तर ती तपासण्यांच्या चिठ्ठीत लपवायची, तोंडावर येऊ द्यायची नाही. दवाखाना चालायला लागला. लांजी, परसवाडा, पार बिरसाकडूनही लोक यायला लागले.

आमच्याकडे पेशंट एकटा आत येत नाही. सून आजारी असली तर सासू येते, नवरा येतो, कधी मोठी जाऊ येते, आणि ज्याच्या गाडीवर आले तो शेजारीही आत येऊन भिंतीला टेकून उभा राहतो. दुखणं सांगायचा मान वडील माणसाचा. सुनेचं पोट सासू सांगते. कुठे दुखतं, कधीपासून, काय खाल्लं होतं, सगळं. सून स्टुलावर पदर सावरत खाली बघत बसते, आणि तिला काही विचारलं की सासूकडे बघते. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं पडत होतं. सासवा भराभर सांगतात, मुद्द्याचं सांगतात. बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना आधी सगळ्यांना हाकलायचं आणि मग एका लाजऱ्या पोरीच्या तोंडून एकेक शब्द काढायचा, एवढा धीर माझ्यात नव्हता. आता जे सांगणार आहे ते या सोयीमुळे झालं. निदान थोडं तरी.

आमच्या भागात सिकलसेल घरोघरी आहे. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, मग हाडं ठणकतात, रक्त कमी होतं, डोळे पिवळे दिसतात, कधी छातीच भरते आणि जिवावर बेततं. हा आजार आईबापांकडून येतो आणि जन्मभर राहतो. गोळ्या घेतल्या, पाणी भरपूर प्यायलं, थंडी-ताप सांभाळला तर माणूस जगतो, लग्न करतो, मुलंबाळंही होतात. लोक त्याला नुसतं "सिकल" म्हणतात. आणि कोणत्याही जातीच्या माणसाला विचारा, तो सांगतो की सिकल दुसऱ्यांच्यात असतो, आमच्यात नाही.

जिच्याबद्दल सांगणार आहे त्या मुलीच्या दोन वर्षं आधी माझ्याकडे अशीच एक नवी सून आली होती. सांधे दुखतात म्हणून आणली होती. मी बघताक्षणी ओळखलं. रक्त तपासलं, आणि माझंच बरोबर निघालं. स्वतःवर खूश होऊन मी तिच्या सासू, सासरे, नवरा आणि दिरासमोर मोठ्याने म्हटलं, "हिला सिकल आहे. लग्नाच्या आधी रक्त तपासलं नाही का तुम्ही?" पहिलं वाक्य डॉक्टरचं होतं. दुसऱ्याची काहीच गरज नव्हती, पण मला सवय आहे, लोकांना चार शब्द सुनवायची. तीन महिन्यांनी ती मुलगी वडिलांबरोबर आली. सासरच्यांनी माहेरी आणून सोडली होती. वडील म्हणाले, "मॅडम, तो आजार नाही असं एका कागदावर लिहून द्या ना." मी म्हटलं, "खोटं लिहीत नाही मी." ते गेले. मी तेव्हा बरोबर होते, आजही म्हणेन की बरोबर होते. पण त्यानंतर सून आणि सासू एकत्र आत आल्या की तो शब्द माझ्या जिभेवर अडायला लागला.

तर ही मुलगी. धानकापणीचे दिवस होते, सकाळी गारठा पडायला लागला होता. लांजीच्या अलीकडच्या गावातली सासू आणि नवरा तिला घेऊन आले. लग्नाला आठ महिने झाले होते, माहेर राज्याच्या सीमेपलीकडचं, गोंदियाच्या बाजूचं. बारीक होती, बाविशीची असून सोळाची वाटावी एवढी. सासू काही वाईट बाई नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ऐकणारे लगेच सासूवर येतात. तिने सुनेला स्वतःची शाल गुंडाळून आणलं होतं.

"तीन दिवसापासून बुखार आहे," सासू म्हणाली. "आंग दुखते, मांड्या दुखते म्हणते. धान कापाले गेलती, वाकून वाकून दुखत असन. आमच्या गल्लीत सगळ्यायलेच बुखार येऊन राह्यला."

ताप एकशे एक होता. छाती साफ होती. ऑक्सिजन ठीक होता. मांड्या दाबल्यावर तिने ओठ आवळले, पण हूं की चूं केलं नाही. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आत फिकट पांढरं. वर बघायला सांगितलं, बुबुळाच्या कडेला हलकं पिवळं होतं. तिथे मी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. एवढ्या जवळून दोघींना एकमेकींकडे बघण्यावाचून इलाज नव्हता, आणि ती बघत होती.

मी विचारलं. विचारलंच नाही असं मला म्हणता येणार नाही. हात धुता धुता, पाठ करून, अगदी सहज विचारल्यासारखं, "सिकल तं नाही ना तुले?"

उत्तर सासूने दिलं. "नाही नाही मॅडम, आमच्यात नाही तसं काही."

मी वळून मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "नाही."

सिकलची साधी तपासणी पाच मिनिटांची आहे. दोन थेंब रक्त नळीतल्या औषधात टाकायचं. गढूळ झालं की समजायचं, आहे. माझी प्रयोगशाळा शेजारच्याच खोलीत आहे. चिठ्ठीवर मी मलेरिया लिहिलं, टायफॉइड लिहिलं, रक्ताची मोजणी लिहिली. पेन तिथेच थांबलं. तपासणारा माणूस रिपोर्ट देताना पेशंटचं नाव आणि तपासणी मोठ्याने वाचतो, बाहेर सगळे ऐकतात. मला आधीची मुलगी आठवली, तिचे वडील आठवले. मग वाटलं, ही स्वतः नाही म्हणते आहे, साथ चालूच आहे, आणि हिला नसेल तर उगाच घरात संशयाचा किडा सोडल्यासारखं होईल. डोक्यात शंका रुपयातले सहा आणे होती. सहा आणे शंकेवर कुणाचा संसार मोडायचा का, असं मी स्वतःला विचारलं आणि चिठ्ठी फाडून दिली.

रिपोर्ट आले. मलेरिया नाही. हिमोग्लोबिन सात. आमच्याकडे बायकांचं सात बघून कुणाची भुवई वर जात नाही, माझीही गेली नाही. मी माझा तो आवाज काढला. "व्हायरल आहे. साथ आहे. पाच दिवसांत बरी होते." एक अँटिबायोटिक, तापाची गोळी, आणि रक्त वाढायला फॉलिक अ‍ॅसिडची ती छोटी पिवळी गोळी. उठताना मुलीला म्हटलं, "पाणी भरपूर पी. थंडीत बाहेर जाऊ नको. पाय झाकून ठेव."

हे मी का म्हटलं, ते मला आजही सांगता येत नाही. तापाच्या पेशंटला पाणी पी असं मी रोजच सांगते. पण पाय झाकून ठेव असं सांगत नाही. ते मी सिकलवाल्यांना सांगते.

मुलगी एकदम हसली. आल्यापासून पहिल्यांदाच. मला वाटलं, बरी होते म्हटल्यावर धीर आला असेल. दम लागला तर लगेच या, असंही मी सांगितलं असेल. मी सगळ्यांना सांगते. चिठ्ठीवर मात्र ते लिहिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला उचलून आणलं. नाकपुड्या फुलत होत्या, ओठ निळसर, ऑक्सिजन सत्तरच्या घरात. छातीत दोन्ही बाजूंनी खरखर. तेव्हा मी कुणालाही काही न विचारता रक्त काढलं आणि नळी स्वतः हातात धरून उभी राहिले. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ते इतकं गढूळ झालं की मागची भिंत दिसेना.

ऑक्सिजन लावून गाडीत घातलं, गोंदियाला ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला, सगळं सांगितलं, कागदावर सगळं लिहून दिलं. सासू माझा हात धरून म्हणत होती, "व्हायरलच आहे ना, मॅडम? तुम्ही म्हटलं होतं." मी म्हटलं, "आधी गोंदियाला पोचू द्या." दुपारी दोन वाजता तिकडून फोन आला की गेली.

मी फोन खाली ठेवला आणि पुढचा पेशंट बोलावला. त्या दिवशी मी आणखी एकोणीस पेशंट तपासले. रडू आलं नाही. मधे डबा खाल्ला. वांग्याची भाजी होती, ती कशी झाली होती ते मला नवऱ्याने संध्याकाळी विचारल्यावर सांगता आलं नाही. पश्चात्ताप येईल म्हणून मी दिवसचे दिवस वाट पाहिली, स्टँडवर उभं राहून लांजीच्या गाडीची बघतात तशी. आला नाही. नखाजवळ सुई टोचून बोट बधिर करतो, मग कापलं तरी पेशंट आपलं बोट दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं बघत राहतो. तसं माझं झालं होतं. आवाज तसाच निघत होता. "पित्त आहे." "बरी होते." लोक समाधानाने जात होते. मला त्यांचा राग यायचा, कसे काय विश्वास ठेवतात हे माझ्यावर. पण तो रागही वरवरचा, चहा पिऊन जाणारा.

एका ओळखीच्या डॉक्टरला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पहिल्या दिवशी छाती साफ होती, ऑक्सिजन ठीक होता, पेशंट स्वतः नाही म्हणत होती. कोणीही हेच केलं असतं." मला वाटलं होतं असं कोणी म्हटलं की बरं वाटेल. काही वाटलं नाही.

संक्रांतीच्या पुढेमागे एक बाई आली. नंबर लावून, दोन तास रांगेत बसून आत आली. एकटी. तिच्यामागून कोणी येतं का म्हणून मी दाराकडे बघत राहिले. कोणी आलं नाही. ती स्टुलावर बसली, प्लॅस्टिकच्या पन्नीतून एक कार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. लाल कार्ड. सीमेपलीकडे शाळेत रक्त तपासून असं कार्ड देतात, सिकल असला तर लाल. त्यावर त्या गेलेल्या मुलीचं नाव होतं. कार्डाच्या घड्यांमध्ये तांदळाचा कोंडा अडकला होता.

"मी तिची माय आहे," ती म्हणाली. "कार्ड आमच्याच घरी होतं. तांदळाच्या कोठीत ठेवलं होतं. लग्नात सोबत देलं नाही."

भांडायला आली असेल असं वाटलं, आणि खरं सांगते, बरंच वाटलं. कोणीतरी शिव्या घालाव्यात, मग कदाचित काहीतरी हलेल.

"लग्नापासून तिची गोळीबी बंद होती," ती म्हणाली. "रोज एक गोळी कायची खाते, असं सासरी ईचारतील ना. मीच म्हटलं होतं, राहू दे काही दिवस, लेकरू-बाळ झाल्यावर सांगू."

मग तिने ते सांगितलं, ज्यासाठी ती एवढ्या लांबून आली होती.

"तुमच्याकडून गेली, त्या सांजेले तिनं फोन केलता मले. बाथरूमात जाऊन, हळूच. इतकी खुश होती, बाई. म्हणे, आई, डॉक्टरीणबाईले समजलं. त्यायनं माहे डोळे पाह्यले, त्यायले सगळं समजलं. पण मी नाही म्हटलं तं सासूसमोर पुढं काहीच बोलल्या नाही. चूप राह्यल्या. आणि तीच पिवळी गोळी देली, लहानपणची. पाणी पी म्हणाल्या, पाय झाकून ठेव म्हणाल्या. म्हणे, आता मले गोळी लपवाची जरूरत नाही, डॉक्टरची चिठ्ठी आहे. मी म्हटलं, देवमाणूस भेटला तुले."

बाहेर कोणीतरी खोकत होतं. मी कार्डाकडे बघत होते.

"दुसऱ्या दिवशी म्हणे, छातीत दुखून राह्यलं, आई. मी म्हटलं, जाऊन ये ना मंग बाईकडे. तं म्हणे, बाईनं पाच दिवस सांगतले आहेत. त्यायले मालूम आहे नं कोणता आजार आहे ते. त्या उगाच सांगतील काय."

तिने पदराने नाक पुसलं. रडत नव्हती. रडून झालं असावं.

"मले एवढंच ईचाराचं आहे. तुमाले समजलं होतं ना, बाई? ती म्हणत होती तसं?"

तिला हो हवं होतं. हो म्हटलं असतं तर तिची मुलगी शेवटचे दोन दिवस कुणाच्या तरी भरवशावर होती एवढं तरी खरं राहिलं असतं. माझा दवाखान्यातला आवाज तयार उभा होता, जाड, पक्का. पण हो म्हणजे मला माहीत असून मी पोरीला तापाची गोळी देऊन घरी पाठवलं. आणि नाही म्हणावं, तर ती पोर माझ्या न बोलण्याचा भलताच अर्थ लावून मूर्खासारखी खुश झाली होती, असं होतं. खरं तर दोन्ही नव्हतं. सत्तावीस वर्षांत जे कोणत्याही पेशंटसमोर म्हटलं नव्हतं ते मी म्हटलं.

"शंका होती मला. पक्कं माहीत नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. मी बोलले ते कुठे ठेवायचं हे न समजल्यासारखी.

"तपासायला पाहिजे होतं," मी म्हटलं. "पाच मिनिटांचं काम होतं. मी नाही केलं."

"पह्यल्याच दिवशी समजलं असतं," ती हळू म्हणाली, "तं वाचली असती?"

हेही मला नक्की सांगता येत नाही. त्याच दिवशी भरती केली असती, रक्त दिलं असतं, ऑक्सिजन लावून ठेवला असता, तर अशा बऱ्याचजणी वाचतात. काही वाचत नाहीत. मी आज खरं बोलायला बसले होते, आणि खरं बोलायची मला सवय नाही, ते कुठे थांबवायचं हे ठाऊक नाही. मी म्हटलं, "बहुतेक वाचली असती."

म्हणताना मला वाटत होतं, हे मी माझ्यावर घेते आहे. ती आता ओरडेल, टेबलावर हात आपटेल. मी त्यासाठी मान खाली घालून बसलेही होते.

तिने कार्ड उचललं. त्यावरचा कोंडा बोटाने झटकला, पन्नीत घातलं, पन्नीची गाठ मारली. गाठ नीट बसेना, ती सोडून पुन्हा मारली.

"तुमाले शंका होती, बाई," ती म्हणाली. "मले तं पक्कं मालूम होतं."